पडद्यावर झकास, छापल्यावर गोळा: जाड गोलसर देवनागरी फॉन्ट बुजतो तेव्हा काय तपासायचं

गणपतीच्या आधी आणि मग लग्नसराईत, दरवर्षी एकच तक्रार फिरून फिरून कानावर येते. ‘मोदक फॉन्ट लावला होता, कॉम्प्युटरवर मस्त दिसत होता, छापून आल्यावर अक्षरं बुजली.’ फॉन्ट कधी मोदक असतो, कधी बलू, कधी आणखी कुठला तरी जाडजूड, पण तक्रारीचे शब्दही बदलत नाहीत. त्यावरची उत्तरंही ठरलेली: मशीन खराब, शाई जास्त झाली, फ्लेक्सवाल्याला अक्कल नाही. ती क्वचित खरी असतात. बहुतेक वेळा अक्षर छपाईला जाण्याआधीच बुजलेलं असतं आणि नेमकं कुठे बुजलं ते शोधता येतं.

शोधताना अक्षराच्या जाडीकडे बघत बसू नका. अक्षराच्या पोटातली पोकळी बघा. जाड फॉन्टमध्ये वाचायला मदत करते ती पोकळीच. फाइल उघडल्यापासून बॅनर टांगेपर्यंत ती प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी खाल्ली जाते, आणि कोणी किती खाल्ली एवढंच आपल्याला तपासायचं आहे.

मुळात पोकळी इतकी कमी का?

वर्तुळ आणि सरळ दांडी एवढ्या भांडवलावर अक्षरं उभी करायची कल्पना युरोपातली. जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत हर्बर्ट बायरने १९२५ च्या सुमारास तशी अक्षरं काढली, पॉल रेनरचा फ्युचुरा १९२७ मध्ये आला. टोकंही गोल असलेला वॅग राउंडेड फोक्सवागन कंपनीसाठी तयार झाला, १९७९ मध्ये. हा सगळा कारभार रोमन लिपीचा. तिथे ‘ओ’ कितीही फुगवला तरी मधे एक भोक उरतं, आणि ते पूर्ण भरलं तरी गोल चकती पाहून माणूस ‘ओ’च वाचतो.

आपल्याकडे तसं चालत नाही. ‘क’ला दंडाच्या दोन्ही बाजूंना पोट आहे. वर शिरोरेघ, तिच्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार. जाडी वाढवली की ती या सगळ्यांना द्यावी लागते आणि उंची मात्र तेवढीच. शिवाय काही जोड्यांमधला फरकच पोकळीत आहे. ‘व’ आणि ‘ब’मध्ये पोटातली एक तिरकी रेघ, ‘प’ आणि ‘ष’मध्येही तसंच. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांचा फरक डाव्या कोपऱ्यातल्या इवल्याशा वळणाचा आणि तुटलेल्या शिरोरेघेचा. तिथे शाई भरली की अक्षर नुसतं कुरूप होत नाही, दुसरंच होतं: ‘धन’चा ‘घन’, ‘भात’चा ‘मात’. रविवारच्या कार्यक्रमाचा ‘रबिबार’ झालेले फलक तुम्हीही पाहिले असतील.

फॉन्ट काढणाऱ्यांनी यावर वेगवेगळ्या वाटा काढल्या आहेत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मोदक टोकाला गेला आहे. त्यात रेघा इतक्या फुगवल्या आहेत की त्या एकमेकींना टेकायच्या बेतात असतात, आणि मधे केसाएवढी फट उरते. मोदकाच्या कळ्यांमधल्या खाचा असाव्यात तशी. अक्षर वाचलं जातं ते त्या फटीवरून. देवनागरीत इतका लठ्ठ फॉन्ट क्वचितच सापडेल, आणि त्याची मजाही त्यातच आहे. त्याच संस्थेचा बलू जरा समजूतदार आहे: कोपरे मऊ, अंग भरलेलं, पण पोटात जागा शिल्लक. तो देवनागरीबरोबर बंगाली, गुजराती, कन्नड, तमिळ अशा इतर भारतीय लिप्यांतही आहे, त्यामुळे दोन-तीन भाषांच्या फलकाला फार सोयीचा. इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स (२०१४) खऱ्या अर्थाने भौमितिक. त्याची वळणं वर्तुळावर बेतलेली आहेत, पण रेघांची टोकं सपाट कापलेली. ‘गोल फॉन्ट लावा’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला वळणं गोल हवीत की टोकं, हे आधीच विचारून घ्यावं. नाहीतर पॉपिन्स लावून दाखवला की ‘नाही हो, तो गोड दिसणारा’ म्हणून काम परत येतं.

हे तिन्ही फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली मोफत मिळतात. त्यामुळे मूळ फाइल मिळवायला काहीच अडचण नाही. कुठल्याशा ‘पाच हजार मराठी फॉन्ट’ पेनड्राइव्हमधली प्रत असेल तर पहिल्यांदा ती काढून टाका आणि गूगल फॉन्ट्सवरून नवी उतरवून घ्या. निम्मी विचित्र दुखणी तिथेच जातात.

पहिला संशयित: खोटा बोल्ड

कुणी फाइल पाठवली की मी सगळ्यात आधी हेच बघतो. मोदकला एकच वजन, म्हणजे जाडीची एकच पायरी आहे. दिसायला तो कितीही जाड असला तरी कॉम्प्युटरच्या लेखी तो ‘रेग्युलर’, म्हणजे ४००. जुना बलूही तसाच. आता वर्डमध्ये शीर्षक निवडून कुणी सवयीने ‘बी’चं बटण दाबतं, किंवा ‘हेडिंग’ची शैली आपसूक बोल्ड लावते. सॉफ्टवेअर बोल्डची फाइल शोधतं. ती नसते, मग ते स्वतःच अक्षराला चोहोबाजूंनी सूज आणतं. खरा बोल्ड काढणारा माणूस बाहेरून जाडी देताना आतली पोकळी राखतो, गरज पडली तर अक्षर रुंद करतो. सॉफ्टवेअरला हे कळत नाही. ते आतही तेवढंच फुगवतं. मोदकची केसाएवढी फट तिथेच संपते.

फोटोशॉपच्या कॅरॅक्टर पॅनेलमध्ये ‘फॉ बोल्ड’ नावाचं बटण असतं, तेही याच कामाचं. ते एकदा दाबलं गेलं की पुढच्या नव्या मजकुरालाही लागू राहतं, म्हणून त्या पॅनेलवर नजर टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वेबसाइटवर हा घोटाळा आणखी लपून बसतो. मोठ्या मथळ्याच्या टॅगला ब्राउझर मुळातच ७०० वजन देतो. तुम्ही मोदक फक्त नाव लिहून लावलात, वजनाबद्दल काहीच म्हटलं नाहीत, तर ब्राउझर ४०० ची फाइल घेऊन तिला स्वतःच सुजवतो. सीएसएसमध्ये त्या मथळ्याचं वजन ४०० लिहा, आणि फॉन्ट-सिंथेसिसला ‘नन’ द्या, म्हणजे ब्राउझरची ही कारागिरी कायमची बंद. बलूची नवी आवृत्ती बलू २, तिच्यात ४०० ते ८०० अशी पाच खरी वजनं आहेत. जाड हवा असेल तर ८०० ची फाइल खरोखर मागवली आहे ना ते बघा. फक्त ४०० मागवून ८०० लिहिलं की पुन्हा तोच सुजलेला बोल्ड.

ओळखायचं कसं? शब्द ‘ब’, ‘ष’ किंवा ‘क्ष’ असलेला घ्या, भरपूर मोठा करा, आणि त्याच शब्दाची बिनबोल्ड प्रत शेजारी ठेवा. खऱ्या बोल्डमध्ये आडव्या आणि उभ्या रेघांची जाडी वेगवेगळ्या प्रमाणात वाढलेली दिसते. खोट्यात सगळीकडे सारखीच सूज.

दुसरा: आउटलाइन

मराठी बॅनरवर अक्षराला आउटलाइन नाही असं सहसा होत नाही. लाल अक्षर, त्याला पांढरी कड, तिच्याबाहेर काळी कड, मग सावली. आवडीनिवडीवर मी बोलणार नाही, रस्त्याच्या गजबजाटात ती कड उपयोगी पडते हेही खरं. प्रश्न ती कुठे बसते याचा आहे.

इलस्ट्रेटर असो की कोरल, आउटलाइन मुळात अक्षराच्या सीमेवर बसते, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. बाहेर म्हणजे पोकळीतही. चार पॉइंटची कड दिली की पोकळीच्या दोन्ही काठांवरून दोन-दोन पॉइंट आत येतात. फट तीन पॉइंटची असेल तर संपलीच. शिवाय कड अक्षराच्या वर असेल तर ती अक्षराचं अंगही आतून खाते, आणि जाड गोल फॉन्टचा गुबगुबीतपणा निघून जातो.

उपाय सोपा आहे: कड अक्षराच्या मागे टाका. कोरलमध्ये आउटलाइनच्या खिडकीत ‘बिहाइंड फिल’ आहे. इलस्ट्रेटरमध्ये अपिअरन्स पॅनेलमध्ये स्ट्रोक ओढून फिलच्या, म्हणजे अक्षरांच्या, खाली न्यायचा. आता अक्षराचा आकार मूळचाच राहतो आणि पोकळी कडेच्या रंगाने भरते. भरू द्या. कडेचा रंग अक्षरापेक्षा पुरेसा वेगळा असेल तर ही फट उलट जास्त उठून दिसते. लाल अक्षर, मागे पांढरी कड: ‘ब’च्या पोटातली रेघ स्पष्ट. लाल अक्षर, मागे मरून कड: तीच रेघ गायब. म्हणून पहिली, अक्षराला चिकटलेली कड नेहमी विरुद्ध रंगाची ठेवा. शोभेच्या काय त्या कडा तिच्या बाहेर लावा.

सावलीचंही तसंच. खाली-उजवीकडे पडणारी काळी सावली पोकळीतही पडते. सावली अक्षराच्या थरावर न लावता सगळ्यात बाहेरच्या कडेच्या थरावर लावली की ती आत शिरत नाही. बेव्हल आणि एम्बॉस, म्हणजे अक्षराला उठाव देणारे इफेक्ट, मात्र मोदकवर लावूच नका. फट मुळात इतकी बारीक आहे की तिच्या दोन्ही काठांचे उजेड-अंधार एकमेकांवर चढतात आणि सगळं चिखलासारखं दिसतं.

तिसरा: मजकूर आणि मोजमाप

इथे जरा थांबायला हवं, कारण खरी चूक बहुधा इथेच असते.

‘षष्ठ्यब्दीपूर्तीनिमित्त’ हा शब्द घ्या. साठीच्या सोहळ्याच्या प्रत्येक फलकावर तो असतो, आणि जाड फॉन्टला त्याच्याइतका मोठा शत्रू नाही. पहिला ‘ष’: पोटात तिरकी रेघ. मग ‘ष्ठ्य’: अर्धा ‘ष’, त्याला ‘ठ’, त्याला ‘य’, तीन व्यंजनं एका अक्षराच्या जागेत. मग ‘ब्दी’: अर्ध्या ‘ब’चं पोट निम्मं झालेलं, तरी त्यात रेघ हवीच, आणि ‘द’ची गाठ. ‘पू’खाली दीर्घ उकार. ‘र्ती’वर वेलांटीच्या माथ्यावर रफार. शेवटी ‘त्त’. हा शब्द मोदकमध्ये लावला की दूरवरून एक लांबट ढग दिसतो, त्यात अधूनमधून केस अडकल्यासारख्या रेघा. दोष फॉन्टचा नाही. डिस्प्ले फॉन्ट, म्हणजे मोठ्या मथळ्यांचा फॉन्ट, दोन-तीन शब्दांसाठी असतो आणि ते शब्दही निवडावे लागतात. ‘साठीचा सोहळा’ असं लिहून पाहा. ‘स’, ‘ठ’, ‘च’, ‘ह’, ‘ळ’, सगळी मोकळ्या अंगाची अक्षरं, एकही जोडाक्षर नाही, आणि मोदकचा खरा गोडवा तिथे दिसतो. षष्ठ्यब्दी लिहायचीच असेल तर ती खालच्या ओळीत मुक्तसारख्या साध्या फॉन्टमध्ये लावा.

‘उद्घाटन’, ‘श्रद्धांजली’, ‘शुद्ध’, ‘ब्रह्म’ हे नेहमीचे त्रासदायक शब्द. ‘द्ध’ उभा रचलेला आला तर फारच गच्च होतो. ‘द्’चा पाय मोडका दाखवून पुढे ‘ध’ पूर्ण लिहिण्याची पद्धत आहे, ती अशा वेळी जास्त वाचनीय होते. त्यासाठी हलन्तानंतर शून्य रुंदीचा नॉन-जॉइनर, म्हणजे जोड तोडणारं अदृश्य चिन्ह, टाकावं लागतं.

आता आकाराचं गणित. शब्द लावा, कर्व्ह करा (म्हणजे मजकुराचं नुसत्या आकारात रूपांतर करा), आणि त्यातली सगळ्यात अरुंद पोकळी मोजा. शिरोरेघेच्या माथ्यापासून अक्षराच्या पायापर्यंतची उंचीही मोजा. दोन्हींचं प्रमाण कुठल्याही आकाराला तेच राहतं, म्हणून हे एका फॉन्टसाठी एकदाच करायचं काम आहे. समजा पोकळी उंचीच्या दोन टक्के निघाली. मग अक्षर पाच मिलिमीटर असेल, म्हणजे व्हिजिटिंग कार्डावर, तर फट ०.१ मिलिमीटर. पंचवीस मिलिमीटरला अर्धा मिलिमीटर. दहा सेंटिमीटरला दोन.

दोन मिलिमीटर म्हणजे भरपूर वाटतं, नाही? पण बॅनर वाचणारा किती लांब उभा आहे तेही धरा. चांगल्या नजरेचा माणूस साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. दहा मीटरवर हे अंतर जवळपास तीन मिलिमीटर होतं. म्हणजे दहा सेंटिमीटर उंच अक्षरातली दोन मिलिमीटरची फट अगदी शंभर नंबरी छापली तरी रस्त्यापलीकडून दिसणार नाही. त्या प्रमाणाच्या फॉन्टला तिथे किमान पंधरा सेंटिमीटर उंचीचं अक्षर हवं. बलूसारख्या फॉन्टला कमी चालतं, कारण त्याची पोकळी प्रमाणात मोठी. ‘बॅनर जवळून बरा दिसतो, लांबून कळत नाही’ ही जी तक्रार येते तिचं कारण छपाई नसतंच.

आणि कृपा करून ‘स्थळ’, ‘वेळ’, ‘निमंत्रक’ आणि खालची तीस नावं त्याच फॉन्टमध्ये लावू नका. कुणाचंच नाव वाचलं गेलं नाही की सगळे निमंत्रक तुमच्यावर रुसतील.

चौथा: फाइलचा प्रवास

फ्लेक्सचं डिझाइन बरेच जण फुटाच्या जागी इंच धरून करतात. दहा बाय चार फुटांचा बॅनर दहा बाय चार इंचांत. यात गैर काही नाही, पण रेझोल्यूशन ७२ च ठेवलं तर घात होतो. ७२ ला एक पिक्सेल ०.३५ मिलिमीटरचा. तो बारापट ताणला की सव्वाचार मिलिमीटरचा झाला. अक्षराच्या पोटातली तीन मिलिमीटरची फट एका पिक्सेललाही पुरत नाही. मग तो पिक्सेल अर्धा अक्षराच्या रंगाचा, अर्धा जमिनीच्या, म्हणजे मागच्या रंगाचा असा मधला मळकट रंग घेतो. पडद्यावर तुम्ही वेक्टर अक्षर बघत असता म्हणून ते स्वच्छ दिसतं. जेपीईजी करून, ती परत उघडून, शंभर टक्क्यांवर बघा. छपाईच्या दुकानात तीच जाणार आहे.

जेपीईजीची आणखी एक खोड. जास्त दाबलेली जेपीईजी उजेड-अंधाराची माहिती नीट ठेवते, पण रंगाची माहिती निम्म्या बारकाईने. काळ्या-पांढऱ्यात फारसं बिघडत नाही. भगव्यावर लाल, किंवा हिरव्यावर निळं असं असेल, म्हणजे दोन रंगांचा उजेड जवळपास सारखा आणि फरक फक्त रंगाचा, तर बारीक फट पुसून जाते. आपल्याकडचे निम्मे बॅनर भगव्यावर लाल! फोटोशॉपमध्ये जेपीईजीची गुणवत्ता १० ते १२ ठेवा, किंवा सरळ अक्षरं कर्व्ह करून पीडीएफ द्या.

मग व्हॉट्सॲप. फाइल ‘फोटो’ म्हणून पाठवली की ॲप ती लहान करून पुन्हा दाबतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली की जशीच्या तशी जाते. दुकानात बसून वाद घालण्यापेक्षा त्यांच्या कॉम्प्युटरवर पोहोचलेली फाइल किती एमबीची आहे ते विचारा. तुमच्याकडे आठ एमबी आणि त्यांच्याकडे तीनशे केबी असेल तर उत्तर मिळालं.

पाचवा: छपाई, कटिंग, दिवे

इथपर्यंत सगळं नीट असेल तरच कारागिराकडे वळा, आणि तेही भांडायला नाही. कोणत्या कामात पोकळी वाढते आणि कोणत्यात घटते हे समजून घ्यायला.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई पसरते. मंडळाच्या टी-शर्टवर शाई म्हणजेच अक्षर, म्हणून ती पसरून पोकळीत शिरते. कापड जितकं खरबरीत तितकी जास्त. मी कापडासाठी अर्ध्या मिलिमीटरखालची पोकळी ठेवतच नाही. ठेवायची वेळ आली तर अक्षर कर्व्ह करून आतल्या बाजूला किंचित आकसून घेतो: इलस्ट्रेटरमध्ये ऑफसेट पाथला उणे आकडा, कोरलमध्ये आतला काँटूर. कागदावर गडद जमीन छापून अक्षर कोरं सोडलं तर मामला उलटतो. तिथे शाई जमिनीची आणि पोकळीची, त्यामुळे ती पसरली की फट रुंदावते आणि अक्षर किंचित सडपातळ होतं. जाड फॉन्टला हे मानवतं. पावतीपुस्तकावर मोदक हवाच असेल तर गडद पट्टीत पांढरा काढा.

ग्लो साइन बोर्डवर पुन्हा उलट. मागून दिवा असला की पांढरं अक्षर डोळ्यात फुगतं, त्याचा उजेड फटीत सांडतो आणि रात्री पोकळी दिसेनाशी होते. दुकानदार दिवसा बोर्ड पाहून खूश होतो आणि रात्री फोन करतो. दिव्याच्या बोर्डाला उजळ जमिनीवर गडद अक्षर, किंवा बलू २ चं एक-दोन पायऱ्या हलकं वजन.

रेडियम कटिंगला मोदक म्हणजे छळ. केसाएवढ्या फटी टोकाने सोलून काढताना शेजारचं अक्षरही उचललं जातं. ॲक्रिलिक राउटरवर कापायचं असेल तर राउटरचा बिट जेवढा जाड, त्यापेक्षा अरुंद फट कापलीच जात नाही. तीन मिलिमीटरचा बिट असेल तर तीनच्या खालचं सगळं विसरा.

कर्व्ह केल्यावर शिरोरेघेत पांढरे ठिपके

हे वेगळं दुखणं, पण याच फॉन्टना जास्त होतं. देवनागरीत एका अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर थोडी चढवलेली असते, जेणेकरून सांधा दिसू नये. वेलांटी, रफार हेही वरून येऊन टेकतात. गोल टोकांच्या फॉन्टमध्ये ही चढाई सहसा जास्त असते, कारण दोन गोल टोकं नुसती शेजारी ठेवली तर मधे खाच पडेल. कोरलमध्ये कर्व्ह केल्यावर ‘कम्बाइन’ केलं की एकमेकांवर चढलेला भाग भोक ठरतो, आणि प्रत्येक सांध्यावर पांढरा ठिपका. तिथे ‘वेल्ड’ हवं. इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं ‘युनाइट’.

वेल्ड न करता फाइल प्लॉटरला, म्हणजे कटिंगच्या यंत्राला, गेली तर ठिपके नाहीत, पण सुरी प्रत्येक अक्षराची सीमा वेगळी कापते आणि शिरोरेघेचे तुकडे होतात. व्हेरिएबल फॉन्टमध्ये (एकाच फाइलमध्ये सगळ्या जाड्या असलेल्या) तर एका अक्षराच्या आतही तुकडे एकमेकांवर ठेवलेले असू शकतात, म्हणून कटिंगला जाणारी प्रत्येक फाइल वेल्ड करून आउटलाइन दृश्यात एकदा बघावीच.

अक्षरांतलं अंतर वाढवायची हौस असेल तर ती रोमन मजकुरावर भागवा. देवनागरीत ट्रॅकिंग वाढवलं की शिरोरेघ तुटते, आणि गोल टोकांच्या फॉन्टमध्ये तर मण्यांची माळ दिसते. शब्द सुटसुटीत हवा असेल तर शब्दांमधलं अंतर वाढवा, किंवा आकार.

वरचा अनुस्वार कापला जातो

‘मूर्तींची विक्री’ लिहून पाहा. ‘र्तीं’मध्ये वेलांटी, तिच्यावर रफार, शेजारी अनुस्वार, आणि जाड फॉन्टमध्ये हे सगळं जाडच. वेबवर ओळीची उंची १ ठेवून चौकटीबाहेरचं झाकलं असेल, किंवा अक्षरात ग्रेडियंट भरला असेल, तर माथा उडतो. बलूच्या फाइलमध्ये ओळीची मूळ उंची मुद्दाम ऐसपैस ठेवली आहे. ती कमी करायची घाई करू नका. त्यामुळेच बटणात मजकूर किंचित वर-खाली वाटतो. वर-खालचं पॅडिंग वेगवेगळं देऊन तो मधे आणा, ओळ आवळून नको. तपासायला मी ‘मूर्तींची’ आणि ‘राष्ट्रू’ अशी जोडी वापरतो. दुसऱ्या शब्दाला अर्थ नाही, पण खालचा पल्ला त्यानेच कळतो.

जोडाक्षरं फुटणं, पहिली वेलांटी अक्षरानंतर उमटणं हे फॉन्टचं दुखणं नाही. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी किंवा साउथ एशियन कंपोझर सुरू करा, सुटेल. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला जुना मजकूर मोदकमध्ये इंग्रजी गिचमिड दिसत असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलावा लागेल.

मराठी वळणं

शेवटचा भाग फक्त आपल्यासाठी, म्हणजे मराठीत काम करणाऱ्यांसाठी. ‘शाल’ टाइप करा. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ येतात, की हिंदी वळणाचे? अनेक देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात. भाषा मराठी सांगितली तरच मराठी रूप उमटतं. वेबपानाला भाषेचा मराठी कोड, म्हणजे एम आर, द्या. इनडिझाइन, इलस्ट्रेटरमध्ये कॅरॅक्टर पॅनेलमधून भाषा मराठी निवडा. तरीही बदललं नाही तर त्या फॉन्टमध्ये ते रूप नाही असं समजा, किंवा ग्लिफ पॅनेलमध्ये हाताने शोधा. जाड फॉन्टमध्ये या निवडीने वाचनीयताही बदलते. पाकळीच्या ‘ल’ला दोन मोकळ्या पाकळ्या असतात, त्या फुगवल्या तरी ओळखू येतात.

‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कुऱ्हाड’ यांतला अर्धा र चंद्रकोरीसारखा यायला हवा. त्याजागी रफार आला तर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एकच होतात. मजकूर दहा ठिकाणांहून कॉपी होत आला की अदृश्य जोडणारं चिन्ह गळून पडतं. तो शब्द नुक्त्याचा ऱ वापरून पुन्हा टाइप केला की बहुतेक फॉन्टमध्ये काम होतं.

आणि ‘ॲ’. क्लासच्या प्रत्येक फलकावर ‘ॲडमिशन’ आणि ‘ॲकॅडमी’ असते. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. एखाद्या फॉन्टमध्ये ते नसेल तर सॉफ्टवेअर गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधला ‘ॲ’ आणून बसवतं: गुबगुबीत रांगेत एक हडकुळा. नजर सरावलेली असेल तर चटकन कळतं, नाहीतर बोर्ड लागल्यावरच. अशा वेळी ‘अ’, मग शून्य रुंदीचा जॉइनर, मग चंद्र, असं टाइप करून बघा. तेही जमलं नाही तर ‘अ’ कर्व्ह करा आणि त्याच फॉन्टच्या ‘कॅ’वरचा चंद्र उचलून त्याच्यावर बसवा. चंद्र शिरोरेघेला किती टेकतो ते मात्र ‘कॅ’मध्ये बघूनच ठरवा.